पिवळ्या मुळाचा हिरवा काढा

“सर, हा काढा हिरवा का आहे? यात पालक घातलाय का?”

तोंड माझं होतं, प्रश्न माझा नव्हता. तो झीनत मुल्ला आणि श्रावस्ती कांबळे या दोघींनी मिळून बनवला होता. आणि ज्या सरांना तो विचारायचा होता ते माझे बाबा होते.

आता मी बारावीत आहे, ही गोष्ट नववीतली. त्या वर्षी मला अचानक आवाज फुटला होता. आठवीपर्यंत हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानासुद्धा मी खाली बघायचे. मग गॅदरिंगला निवेदन करणारी मुलगी तापानं झोपली, बाईंनी समोर दिसली म्हणून माझ्या हातात माइक दिला, आणि तो परत घेताना त्यांना जड गेलं. तेव्हापासून मी कुठंही, कुणालाही, काहीही विचारू शकते असं मला वाटायला लागलं होतं. झीनतला ते बघवत नव्हतं.

विज्ञान दिनाला आमचा वर्ग मिरजेतलं एक फार्मसी कॉलेज बघायला निघाला होता. माझे बाबा तिथंच शिकवायचे. बसमध्ये झीनत म्हणाली, “केतके, तू बाबांना सगळ्यांसमोर ‘सर’ म्हणून दाखव.”

“त्यात काय एवढं?”

“नुसतं सर नाही,” श्रावस्ती म्हणाली. ती मोठी झाल्यावर वकील होणार आहे, आणि ते तेव्हाच कळत होतं. “प्रश्न विचारायचा. सगळ्यात येडा. आणि सरांनी उत्तर दिलं पाहिजे. नुसते हसले, रागावले, तर धरायचं नाही.”

“आणि नाही विचारला तर तुझा सेंड-ऑफ कॅन्सल,” झीनत म्हणाली.

माझा सेंड-ऑफ ही आमच्या तिघींमधली त्या वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. जूनमध्ये आम्ही सावंतवाडीला जाणार होतो. आई तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिची बदली होऊन तीन वर्षं झाली होती, आणि त्या तीन वर्षांत मी आणि बाबा मिरजेत, आई तिकडं, असंच चाललं होतं. बहुतेक शनिवारी ती एसटीनं आंबोलीचा घाट चढून यायची आणि रविवारी दुपारी परत जायची. ड्यूटी लागली तर यायचीच नाही. सावंतवाडीजवळच्या एका कॉलेजात बाबांसाठी जागा जवळजवळ ठरली होती. अट एकच: जुलैच्या आत पीएचडी. बाबांचा प्रबंध टाइप होत आला होता. मी माझ्या नव्या शाळेचा गणवेशसुद्धा आईकडून व्हिडिओ कॉलवर बघून घेतला होता. तर असा सेंड-ऑफ कॅन्सल करून कसं चालेल?

प्रयोगशाळेत बाबा पांढरा कोट घालून उभे होते. कॉलेजात सगळे त्यांना ‘चिनी सर’ म्हणायचे, कारण त्यांचा विषय चिनी औषधांचा होता. तिकडच्या काढ्यांत वापरतात त्या मुळांमधलं औषधी द्रव्य किती, आणि त्यातलं पेल्यात किती उतरतं, हे ते मोजत होते. त्यांनी एक वाळलेलं मूळ आमच्यासमोर मोडलं. आतून पिवळंधमक.

“याचं नाव हुआंगचिन. हुआंग म्हणजेच पिवळं. यात बायकालिन नावाचं द्रव्य असतं. पण काढ्यात शंभर गोष्टी मिसळलेल्या असतात. त्यातलं बायकालिन तेवढं वेगळं काढून कसं मोजायचं?”

बाबांनी टेबलावरच्या मशीनकडं बोट केलं. मला ते नेहमी एकावर एक रचलेल्या चार स्टिरिओसारखं दिसायचं. मधोमध पेनाएवढी एक स्टीलची नळी होती.

“लक्ष्मी मार्केटच्या गल्लीत कधी गेलाय? समजा एका टोकानं शंभर बायका एकदम आत सोडल्या. ज्यांच्या हातात भरलेल्या पिशव्या आहेत त्या काय करतील?”

“सरळ घरी जातील,” मागून कुणीतरी म्हणालं.

“बरोबर. आणि ज्यांचे हात मोकळे आहेत?”

“प्रत्येक दुकानात थांबतील,” झीनत म्हणाली. “माझी अम्मी तर दोनदा थांबते.”

“म्हणजे गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पिशवीवाल्या आधी, मोकळ्या हाताच्या नंतर. ही नळी म्हणजे ती गल्ली. आम्ही काढ्याचा एक थेंब आत सोडतो, मागून द्रवाचा जोर लावतो. प्रत्येक द्रव्य आपापल्या सवयीनं थांबत थांबत बाहेर येतं. आलं की पडद्यावर एक डोंगर उठतो. डोंगर जेवढा मोठा तेवढं ते द्रव्य जास्त.”

मला इतका अभिमान वाटला की प्रश्नाचं विसरायलाच झालं. श्रावस्तीनं कोपर मारलं. खिडकीत दोन बीकर ठेवलेले होते. एकात पिवळा काढा, चहात दूध कमी पडल्यावर दिसतो तसा. दुसऱ्यात हिरवट, तळ्याच्या कडेला असतं तसं पाणी. दोन्हींवर हुआंगचिनचीच चिठ्ठी.

मी हात वर केला, ‘सर’ म्हणाले, आणि पालक विचारला.

अख्खा वर्ग फुटला. आमच्या वर्गशिक्षिका पाटणे बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की परतताना बसमध्ये माझं काही खरं नव्हतं. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला.

“तुझं नाव काय?”

वर्ग परत हसला.

“केतकी गुरसाळे,” मी म्हणाले.

“तर गुरसाळे, पालक नाही.” ते खिडकीपाशी गेले, हिरवा बीकर उचलून उजेडात धरला. “दोन्ही काढे एकाच मुळाचे आहेत. का हिरवा आहे, ते मला माहीत नाही.”

एवढं बोलून त्यांनी बीकर जागेवर ठेवला आणि पुढची मशीन दाखवायला लागले. पण नंतर ते जे काही बोलले त्यात पहिली मजा नव्हती. परत जाताना श्रावस्तीनं निकाल दिला.

“पैज अर्धीच झाली. ‘माहीत नाही’ हे उत्तर नाही.”

“अगं, खरं तेच सांगितलं की त्यांनी.”

“ते खरं असेल. उत्तर नाही ना. उत्तर आण, मग सेंड-ऑफ.”

शाळा सुटल्यावर मी रोज बाबांच्या प्रयोगशाळेतच बसायचे. घरी एकटी राहण्यापेक्षा तिथं बरं होतं. दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यातल्या स्टुलावर गृहपाठ उघडून बसले होते तेव्हा आवटी मॅडम आल्या. त्या बाबांच्या गाईड. मे महिन्यात निवृत्त होणार होत्या, आणि बाबा त्यांचे शेवटचे विद्यार्थी होते. पर्समधून त्यांनी मला नेहमीसारखी लिमलेटची गोळी दिली.

“गुरसाळे, प्रबंधाचं काय? सोमवारी माझ्या सहीला हवा.”

“मॅडम, ते चार आकडे.”

“कुठले चार?”

“हिरवट काढ्यांचे. बाकीच्यांत बायकालिन भरपूर आहे, सगळे एकमेकांच्या जवळ आहेत. आणि या चारांत निम्म्याहून कमी. मूळ तेच, पोतं तेच, भांडं तेच, दर वेळी शनिवारच, मी तोच.”

मॅडम खुर्चीवर बसल्या. त्या रागावल्या नाहीत. मला वाटतं त्या रागावल्या असत्या तर बाबांना सोपं गेलं असतं.

“आपण हे आधीही बोललोय. अशा आकड्यांसाठी नियम आहे. ते बाजूला ठेवायचे, खाली टीप द्यायची की हे चार फार वेगळे आले म्हणून धरले नाहीत. त्यात लबाडी नाही. जगभर करतात.”

“नियमात बसतं, मॅडम. कारण कळत नाही, म्हणून अडलोय.”

“कारण शोधायला आणखी एक वर्ष जाईल. मी मेनंतर नाही. नवा गाईड, नवी समिती, सगळं पहिल्यापासून. आणि वैजयंतीताई किती वर्षं तो घाट चढणार आहेत?”

वैजयंती म्हणजे माझी आई. मॅडम उठल्या, जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तूच सांग गं तुझ्या बाबांना. तुला जायचंय ना सावंतवाडीला?”

“होय,” मी म्हणाले. जायचंच होतं मला. आईच्या खोलीच्या मागं एक कोकमाचं झाड होतं, त्याखाली माझी सायकल कुठं लावायची ते पण ठरलं होतं.

त्या आठवड्यात बाबांनी तो हिरवा काढा मशीनमध्ये दोनदा घातला. दोन्ही वेळा पहिला, बायकालिनचा डोंगर बुटका आला, आणि तो मोजून झाला की ते मशीन थांबवायचे. त्यांनी भांडी तपासली, पाणी तपासलं, कागदपत्रं चाळली. मी विचारायचे, “आलं का उत्तर?” ते म्हणायचे, “नाही आलं.” शाळेत श्रावस्ती विचारायची, “आलं का उत्तर?” मी म्हणायचे, “नाही आलं.” झीनत म्हणायची, “जाऊ दे की, पालकच असेल.”

शुक्रवार उजाडला. दुसऱ्या दिवशी आई येणार होती, त्यामुळे संध्याकाळी आमच्या घरी नेहमीची धावपळ होती. आई येण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही घर आवरायचो. म्हणजे आठवडाभर दोरीवर राहिलेले कपडे उतरवायचे, गॅसची शेगडी घासायची, आणि खुर्चीवर साचलेला ढीग कपाटात कोंबून दार लावून घ्यायचं. आई ते दार कधीच उघडायची नाही. तिला माहीत होतं.

बाबा टॉवेलच्या घड्या घालत होते. मी केरसुणी हातात घेऊन उभी राहिले.

“बाबा, तुम्ही काढा कसा करता ते सांगा.”

“आता?”

“आत्ता. पहिल्यापासून. मला काहीच येत नाही असं समजून. मला भाजी शिकवताना आई सांगते तसं.”

“आई सांगते तेव्हा तू ऐकतेस कुठं.”

“आता ऐकते. सांगा.”

त्यांनी टॉवेल मांडीवर ठेवला. “मूळ घ्यायचं. कुटून भरड करायची, फार बारीक नाही. ती तोलायची. सोळा पट पाणी घालायचं. मंद आचेवर ठेवायचं. आटवून चौथा हिस्सा राहिला की गाळायचं. झाला काढा.”

“आणि भिजत कधी घालायचं?”

“काय?”

“तुम्ही भिजत घालता की रात्रभर. मी बघितलंय. मागं एकदा आई आली नव्हती तेव्हा मी तुमच्याबरोबर प्रयोगशाळेत होते, तुम्ही झाकण ठेवलं होतं त्यावर.”

“हां, ते होय. ते काय सांगायचं? भरड आदल्या रात्री भिजत घालायची, सकाळी उकळायची. काढा तसाच करतात. आजोबा तसाच करायचे. मटकी भिजत घालतो हे काय कुणी वेगळं सांगतं का?”

“मटकीचं आई सांगते. दोनदा सांगते.”

ते हसले आणि टॉवेल उचलला. मग घडी अर्धवटच राहिली.

“केतकी, उद्याचा काढा मी भिजत घातलाय का?”

“नाही. आज तर आपण इथं आहोत. तुम्ही उद्या सकाळी जाऊन एकदमच करणार, नेहमीसारखं. आई यायची असली की तुम्ही तसंच करता.”

“आई यायची असली की,” बाबा म्हणाले.

ते उभे राहिले. टॉवेल मी नुकताच काढलेल्या केरावर पडला, पण मी काही बोलले नाही, कारण त्यांचा चेहरा बघून मलाही तेच दिसायला लागलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी ते प्रयोगशाळेत असायचे कधी? आई येणार नसली तर. आई येणार असली की ते घरी असायचे, शेगडी घासत. भरड भिजत घालायला तिथं कुणीच नसायचं. मग शनिवारी सकाळी पळत जायचं, भरड थेट उकळत्या पाण्यात टाकायची, आणि दुपारी स्टँडवर हजर व्हायचं.

“दिवाळीनंतरचा शनिवार?” बाबांनी विचारलं.

“तिची नाइट होती. नाही आली.”

“संक्रांतीचा?”

“नाही आली. तिळगूळ पार्सलनं आला.”

“आणि डेंग्यूची साथ होती तेव्हा लागोपाठ दोन.”

“नाही आली. तेव्हा तर मी रडले होते.”

“चार,” बाबा म्हणाले. मग म्हणाले, “म्हणजे तुझी आई येते तेव्हा पिवळा.”

आम्ही घर तसंच टाकून स्कूटरवर बसलो. प्रयोगशाळेत बाबांनी एकच मूठ भरड तोलून दोन सारख्या वाटण्या केल्या. एक गार पाण्यात भिजत घातली, एक कोरडीच झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी शनिवार, माझी शाळा सकाळची. सुटल्या सुटल्या मी धावत तिथं गेले. भिजवलेली भरड शेवाळी झाली होती. कोरडी होती तशीच पिवळी. बाबांनी भिजवलेली त्याच पाण्यात मंद आचेवर ठेवली. दुसऱ्या भांड्यात पाण्याला खळखळून उकळी आल्यावर कोरडी आत टाकली. दोन्ही आटले, गाळले, गार झाले. एक पिवळा, एक हिरवा, डोळ्यांसमोर. पण बाबांना डोळ्यांचं पुरत नाही, त्यांना डोंगर लागतात.

पिवळा आधी. पडद्यावर रेष सरळ चालत गेली आणि मग उठली, उठली, मला मान वर करावी लागेल असं वाटलं. पिशवीवाल्या बायका. त्यानंतर बऱ्याच वेळानं एक छोटंसं टेकाड.

मग हिरवा. रेष त्याच जागी उठली आणि लगेच खाली आली. पहिला डोंगर बुटका. आम्ही थांबलो. आणि नंतर, जिथं मघाशी टेकाड होतं तिथं, एक भलामोठा डोंगर उठला.

“बायकालिन कुठं गेलं नाहीये,” बाबा पडद्याजवळ जाऊन म्हणाले. “बघ. त्याच्याकडं साखरेसारख्या द्रव्याची एक पिशवी असते. या मुळात एक एन्झाइमही असतं. गार पाणी मिळालं की ते जागं होतं आणि पिशवी उतरवून ठेवतं. मग हात मोकळे. मग प्रत्येक दुकानात थांबत, मागाहून बाहेर.”

“आणि उकळत्या पाण्यात?”

“उकळत्या पाण्यात ते एन्झाइम आधीच मरतं. पिशवी जागच्या जागी.” त्यांनी कपाळावर हात मारला. “चिनी लोक हे मूळ आधी वाफवतात, हे मी स्वतः प्रबंधात लिहिलंय. मला वाटलं कापायला मऊ व्हावं म्हणून.”

तेवढ्यात दार उघडलं. आई. एका खांद्याला बॅग, हातात कापडी पिशवी, आणि आंबोलीच्या वळणांनी उतरलेला चेहरा.

“स्टँडवर मी किती वेळ उभी आहे याची कुणाला कल्पना आहे का?” ती म्हणाली. “दोघांचेही फोन बंद. मला वाटलं काहीतरी झालं. शेवटी रिक्षा करून घरी गेले तर मधोमध केरावर टॉवेल पडलेला.”

“अगं वैजू,” बाबा म्हणाले, “सॉरी. खरंच. ये, बस. तुला एक दाखवायचंय.”

“मला आधी पाणी दाखवा.”

मी पाणी दिलं. ती प्यायली, आणि मग बाबांनी तिला सगळं सांगितलं: गल्ली, पिशव्या, चार शनिवार. चार शनिवार ऐकल्यावर तिनं पिशवी हळूच टेबलावर ठेवली.

“म्हणजे मी नसले की तुमचा काढा बिघडतो,” ती म्हणाली.

“आकड्यांनिशी,” बाबा म्हणाले.

ती हसली. मग हसू गेलं. आईला दवाखान्यात सतत वाईट बातम्या सांगणाऱ्या डॉक्टरांशेजारी उभं राहायची सवय आहे. पुढचं वाक्य कुठून येणार ते तिला आधी कळतं.

“म्हणजे आता काय?”

“सगळे काढे परत करावे लागतील. भिजवून आणि न भिजवता, दोन्ही. गार पाण्यात किती वेळ, कोमट पाण्यात किती वेळ. दुसरा डोंगरही मोजायचा. वर्ष जाईल.”

“मॅडमना सांगितलं?”

“उद्या सांगतो.”

“आणि ती जागा?”

बाबांनी मान हलवली. “ती दुसऱ्या कुणाला देतील. द्यायलाच पाहिजे त्यांना.”

आई खुर्चीवर बसली. मशीनचा पंप टिकटिक करत होता.

“अहो, एक विचारू? मॅडम म्हणतात तसं केलं तर ते खोटं आहे का? ते चार बाजूला ठेवले तर?”

“खोटं नाही. नियमात बसतं.”

“मग?”

“मग मी लिहीन की काढ्यात एवढं बायकालिन उतरतं. उद्या कुणी वैद्य ते वाचेल आणि पेशंटला काढा देईल. आणि आपल्याकडचा पेशंट रात्री काय करेल?”

आई त्यांच्याकडं बघत राहिली.

“भिजत घालेल,” ती म्हणाली.

“न सांगता घालेल. मी घातलं तसं.”

आईनं कापडी पिशवीतून एक डबा काढला, झाकण उघडून बघितलं, परत लावलं. डब्यात खतखतं, ती कोकणातली बऱ्याच भाज्यांची आमटी, असणार, मला वासावरून कळलं. माझ्या आवडीचं.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “तुम्ही तुमचं पूर्ण करा. तीन वर्षं काढली, चौथं काढू. पण केतकीची दहावी आहे. ती तरी माझ्याकडं येऊ दे. तुमच्या या काढ्यांच्या मागं तिच्या अभ्यासाचं वाटोळं नको.”

“तेच बरं,” बाबा म्हणाले. “शाळेचं तर ठरलेलंच आहे. तिची इच्छाही आहे.”

“जूनमध्ये मी येऊन घेऊन जाईन.”

“मी सोडायला येईन. मशीनला दोन दिवस सुटी.”

ते दोघं इतक्या समजूतदारपणे बोलत होते की मला मध्ये कुठं शिरायचं तेच सापडेना. मला सावंतवाडी हवी होती. कोकमाचं झाड, आईच्या हातचा रोजचा डबा, तिच्या बाजूला झोपणं, सगळं हवं होतं, अजूनही हवं होतं. मग मी खिडकीतल्या दोन बीकरांकडं बघितलं. बाबा एकटे असले की शुक्रवारी संध्याकाळी काय करतात ते मला माहीत होतं. आवरायला घर नसलं, येणारं कुणी नसलं, की ते इथंच असतात, आणि जाताना सगळ्या भांड्यांवर झाकण ठेवून जातात.

मी स्टुलावरून उतरले. गॅदरिंगचा माइक हातात असल्यासारखा घसा साफ केला. दोघांनीही वळून बघितलं.

“आई, बाबा, मी हे विचारत नाहीये, सांगतेय,” मी म्हणाले. “मी जूनमध्ये जाणार नाही. दहावी मी मिरजेतच करणार, आणि शुक्रवारी संध्याकाळी बाबांना इथून घरी घेऊन जाणार, तू येणार असलीस तरी आणि नसलीस तरी.”